बोटीवरचे बिनतिकिटाचे पाहुणे

किस्से झुरळासारखे असतात. एक दिसलं की समजायचं, फळीमागं दहा दडून बसलेत!

आमच्या धरणाच्या पाण्यावर आबांची बोट फिरते. आबा म्हणजे आमचे सरपंच. कोकणातून जुनी बोट ट्रकवर घालून आणली. दोन खोल्या, त्यातली एक आबांची, वर गच्ची, मागं माझी चूल. पाहुणे दिवसभर फिरतात, मुक्काम करतात, माझ्या हातचं पिठलं-भाकरी खातात. ड्रायव्हर नामदेव आधी उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. अजून वळण आलं की पाण्यात हात बाहेर काढतो!

वर्षातून एकदा तपासणीचा साहेब येतो. एक झुरळ दिसलं तरी परवाना रद्द. आबांना बोट गेली तर दुसरे दहा धंदे हायेत. मला ही एकच चूल.

*

माझा पहिला कायदा, खोका बोटीवर चढवायचा न्हाई. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळाची अंडी बसतात. किराणा काठावरच डब्यात ओतायचा, मगच वर.

एकदा आबा हसत हसत आले. काखेत खोका!

"आबा, खोका खाली."

"आजी, ह्यात झुरळं मारायचं औषध हाय! लई भारी!"

म्हणून वर घेतला. उघडला तर बाटलीच्या आधी दोन जाडजूड झुरळं बाहेर आली, मिशा हलवत.

आबा जराबी हलले न्हाईत. "दुकानदारानं नमुना दिला असंल. औषध लागू पडतं का बघायला!"

*

मग पीठ. पाण्याजवळ ओल लई, पिठात किडे होतात. मी डब्यात कडुलिंबाचा वाळका पाला घालते. एकदा एक पान भाकरीत थापलं गेलं. पुण्याच्या एका बाईंनी ते दोन बोटांत धरून वर केलं.

"हे काय आहे?"

मी पदर तोंडाला लावला. नामदेव पुढं झाला, "ऑर्गॅनिक हाय, म्याडम!"

बाईंनी फोटो काढला, दुसरी भाकरी मागितली. पुढच्या रविवारी तिघीजणी नुसती 'पानाची भाकरी' खायला आल्या. एकीच्या भाकरीत पान निघालं न्हाई, तर भांडायला उठली!

*

आबांनी शहरातून एक टाय लावलेला माणूस बोलावला. त्यानं खोल्याखोल्यांत चिकट पॅड ठेवले. "आजी, यावर जो पाय ठेवील तो सुटणार नाही," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नामदेव ओरडला, "आजी, पळत या! मोठा घावलाय!"

काठी घेऊन धावले. बघते तर आबा एका पायावर उभे, दुसऱ्या पायाची चप्पल पॅडला.

त्या पॅडवर पुढं महिनाभर दुसरी शिकार घावली न्हाई.

*

उंदरांचं मात्र हसण्यावारी न्यायचं न्हाई. बोट बाभळीला बांधली की ते दोरीवरून चालत येतात. म्हणून मी जुन्या परातीला मधोमध भोक पाडून ती दोरीत ओवली. उंदीर परातीपर्यंत येणार, घसरून पाण्यात पडणार. दोन वर्षं एक उंदीर चढला न्हाई.

तपासणीचा दिवस जवळ आला तशी आबांनी काठापासून बोटीपर्यंत रुंद फळी टाकली, वर लाल गालिचा. साहेबांचे बूट भिजायला नकोत म्हणून! चार दिवस आधीपासून.

दोरीवर पहारा आणि दारात गालिचा! पाच उंदीर पाहुण्यासारखे सरळ चालत आले.

मी फळी काढायला लावली, पिंजरे लावले. चार घावले. पाचवी माझ्या डोळ्यादेखत आबांच्या खोलीत शिरली. पोटुशी होती.

आबांच्या खोलीत एक लाकडी पेटी, कायम कुलुपात. तिच्यात सत्काराच्या शाली. आबांना जी शाल मिळते ती पेटीत जाते, आणि पुढचा मोठा पाहुणा आला की त्याच्या खांद्यावर जाते. आमच्याकडं समद्याच पुढाऱ्यांचं असंच.

"आबा, पेटी उघडा. शालींना ऊन दाखवू."

"मानसन्मानाला ऊन कशाला दाखवायचं, आजी?" किल्ली जानव्यासारखी गळ्यातच!

*

साहेब आले. टॉर्च घेऊन चुलीमागं वाकले, फळ्यांखाली बघितलं, पिठाच्या डब्यात हात घातला. मी देवाचं नाव घेत उभी. एक मुंगी घावली न्हाई.

"आजी, असं स्वयंपाकघर मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही," म्हणाले. टेबलावर कागद ठेवला, पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात आबा, "थांबा साहेब! आमच्याकडं सत्काराबिगर सही होत न्हाई!"

मी डोळ्यांनी खुणावलं. नामदेव खोकला. आबांनी किल्ली काढली, पेटी उघडली, वरची हिरव्या काठाची शाल उचलली आणि फटकन झटकून साहेबांच्या खांद्यावर टाकली.

टपाटपा सहा गुलाबी पिल्लं कागदावर पडली. मागनं आई उतरली, साहेबांच्या बाहीवरून.

पाणी तेवढं बोटीला लागत होतं.

साहेबांनी शालीचा काठ उलटून बघितला. पेनाला टोपण लावलं.

"आबा," ते हळूच म्हणाले, "ही शाल गेल्या वर्षी मीच तुमच्या खांद्यावर टाकली होती. तेव्हा ती रिकामी होती."