बायकांच्या बाजूचा पिक्चर

मुंबईच्या सिनेमाच्या म्युझियममधला पडदा मी पाडला. आमचा सुरेश नातेवाइकांना सांगतो, तो आपोआप पडला. खोटं आहे. माझ्यासारखा दणकट म्हातारा लोंबकळल्याशिवाय पडदा आपोआप पडत नाही.

जायचं सुनेनं काढलं. आमची ही गेल्यापासून घरात मी तोंड फक्त जेवायला उघडत होतो. सून, वैशाली, म्हणाली, "बाबा, तुम्हाला पिक्चरचा नाद होता ना? चला, जुन्या सिनेमाचं म्युझियम बघून येऊ."

मी म्हटलं, "जुनं बघायला मुंबई कशाला? रोज आरशात दिसतंय की!"

पण गेलो. (नाय म्हटलं की पोरगी रडते. एरवी मी रडण्याला भीत नाही, पण हिचं रडणं अगदी सासूवर गेलंय.)

आत जुने कॅमेरे, भिंतीएवढी पोस्टरं. मी आपला मुका. मग एका दालनात बघतो तर तंबूच उभा! खाली सतरंजी, मधोमध पांढरा पडदा, त्यावर काळ्यापांढऱ्या पिक्चरमधली तलवारीची मारामारी चाललेली. माहिती सांगणारी पोरगी म्हणाली, "गावोगावच्या तंबूत पुरुष पडद्यापुढे बसायचे आणि बायका पडद्यामागे. त्यामुळे बायकांना सगळं उलटं दिसायचं. उजवं ते डावं."

मी म्हटलं, "पोरी, परत सांग!"

कारण सांगतो. लग्न नवं होतं. हमरापूरला सासुरवाडीला गेलो होतो आणि पेणला पिक्चरचा तंबू आला होता. मी पडद्यापुढे, ही मागे. परत येताना ही म्हणाली, "हिरो डावखुरा होता. लाठी डाव्या हातात धरीत होता."

"उजव्या!" मी म्हटलं.

"डाव्या! गणपतीच्या कारखान्यात वाढलीय मी. डाव्या सोंडेचा कुठला नि उजव्या सोंडेचा कुठला, डोळं मिटून सांगेन. मला डावं-उजवं शिकवता व्हय?"

"पिक्चर पण डोळं मिटूनच बघितलास तू!"

झालं! ते भांडण संसारभर पुरलं. भाताच्या लावणीला भांडलो, झोडणीला भांडलो, सुरेशच्या लग्नात भर पंगतीत भांडलो. शेवटी दवाखान्यात तिच्या नाकात नळ्या होत्या, तरी मी वाकून विचारलं, "आता तरी बोल गो, उजव्याच ना?" तिनं मान हलवली. नाय म्हणून!

म्हणून मला पडद्यामागं जायचंच होतं. ती जे बघत बसली होती, ते एकदा बघायचं होतं. आडवी दोरी बांधलेली, तिला पाटी लावलेली. (पाटी वाचली नाही. चौथी नापास माणसाला तेवढी सूट पाहिजे.) दोरीखालून घुसलो, मांडी घालून बसलो आणि वर बघितलं.

खरंच! पुढनं उजव्या हातानं तलवार मारणारा गडी इकडनं पक्का डावखुरा!

मी मोठ्यानं बोललो, "डावखुराच हाय गो! जिंकलीस!"

पुढची माणसं दचकली. पडद्याला वाचा फुटली की काय! एक बाई मागं डोकावली. मला मांडी घातलेला बघून तिला वाटलं, इथं बसायची सोय आहे. ती बसली. तिच्या मागनं तिच्या दोन नणंदा येऊन बसल्या.

मी म्हटलं, "बरोबर बसलात. ही बायकांचीच बाजू."

"मग तुम्ही कसे हो इथं, काका?"

"मी बायकोच्या जागेवर बसलोय."

 मग पिशवीत हात घालून तिनं मला चिक्की दिली.

चिक्की तोंडात आणि रखवालदार हजर! "आजोबा, उठा! इथं यायला मनाई आहे."

"उठतो की. पण गुडघ्यांनी ऐकलं पाहिजे ना!"

दोरीपलीकडनं सुरेश दात-ओठ खात होता. "बाबा, उठा हो! लोकं बघतायत!"

"बघू दे! तिकीट काढलंय त्यांनी!"

असं म्हणून मी आधाराला हात टाकला, तो पडद्यावर. दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि जोर केला. कर्र्र! पडदा, त्याची काठी आणि मी, तिघंही खाली. धडपडत उभा राहिलो, तर मशीन चालूच! सगळी मारामारी माझ्या सदऱ्यावर! रखवालदार मला सोडवायला पुढे आला, तर त्याच्या मिशांवर हिरॉईन रडायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा पण कार्यक्रमच!

मोठे साहेब धावत आले. म्हटलं, आता पोलीस. पण त्यांनी विचारलं, "आजोबा, लागलं का कुठं?"

"लागलं," मी म्हटलं, "पण पडल्यामुळं नाय."

त्यांना काय समजलं देव जाणे, पण त्यांनी जाऊ दिलं.

परतीच्या वाटेवर गाडी हमरापूरला वळवायला लावली. हिचा भाऊ दत्तू कारखान्यात गणपतीचे डोळे काढत होता. उभ्याउभ्याच म्हटलं, "दत्तू, तुझी बहीण बरोबर होती. पडद्यामागनं लाठी डाव्याच हातात दिसते. बिचारीला त्यातलं कारण मात्र शेवटपर्यंत कळलं नाय."

दत्तूनं ब्रश खाली ठेवला. "भावजी, तिला माहीत होतं."

"काय?"

"दुसऱ्याच दिवशी मी सांगितलं होतं तिला, मागनं उलटं दिसतं म्हणून. तर म्हणाली, ह्यांच्याजवळ बोलू नको. माणूस शेतातनं येतो, जेवतो, झोपतो. ह्या एवढ्या एकाच गोष्टीवर माझ्याशी तासभर बोलतो."

सुरेश खाली बघायला लागला. वैशाली हसत होती की रडत होती, मी बघितलं नाही. कारखान्यात रांगेनं मूर्ती उभ्या. अर्ध्यांचे डोळे काढायचे राहिले होते ते बरं, नाहीतर एवढ्या सगळ्या देवांदेखत तोंड कुठं लपवणार होतो?

घरी आलो आणि तडक हिच्या फोटोसमोर उभा राहिलो. माफी मागायची असं वाटेत ठरवलं होतं, शब्दसुद्धा जुळवले होते. तिच्याकडे बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "कायपण बोल, लाठी उजव्याच हातात होती!"

स्वैपाकघरातनं वैशाली ओरडली, "बाबा, कुणाशी भांडताय?"

"तू भात बघ तुझा! नवरा-बायकोचं चाललंय, मध्ये पडू नको!"