शिशाची पिशवी

टेंभरे सर विज्ञानाच्या पहिल्या तासाला फळ्याकडे वळायचेच नाहीत. जुन्या धोतराच्या कापडातून बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, शिवलेल्या पाच पिशव्या टेबलावर मांडायचे आणि एकेकाच्या हातात द्यायचे. ॲल्युमिनिअम सत्तावीस ग्रॅम, लोखंड छप्पन्न, तांबं साडेत्रेसष्ट, जस्त पासष्ट, शिसं दोनशे सात. ज्याचा जो अणुभार, तेवढे ग्रॅम.

"सांगा, कोणत्या पिशवीत अणू जास्त?"

"शिशाच्या!" सगळा वर्ग ओरडायचा. सरांना तेच हवं असायचं.

"सारखेच हायेत रे! बारीक चिन्नोरचे शंभर दाणे घ्या, जाड्या धानाचे शंभर घ्या. दाणे तेवढेच, मंग भार काऊन येगळा? दाणाच भारी हाय."

आमगावजवळच्या आमच्या शाळेत धान न मोजलेलं पोर नव्हतं. अणुभार आम्हाला त्या दिवशी समजला तो कायमचा. वर सरांचं ठरलेलं वाक्य असे, "काटा वजन सांगते. आत काय हाय, थे आपल्याले समजून घ्या लागते."

पिशव्यांतला माल घराघरांतून आलेला. फुटक्या गंज-पातेल्यांचे तुकडे, खिळे, मोटारीची तार, संपलेल्या सेलांची टरफलं. शिसं आमच्या घरचं होतं. आम्ही ढिवर, तलावात मासे धरणारे. बाबांनी जुन्या जाळ्याच्या गोळ्या सरांना आनंदाने दिल्या होत्या, आणि वर्गात ती पिशवी फिरू लागली की मी उगाच ताठ बसायची.

मी नववीत असताना बाबांनी नवं जाळं विणलं. "गोळ्या कमी पडून राहिल्या. जाळं तरंगून राहिलं," ते रोज कुरकुरायचे. सरांकडे मागितलं असतं तर त्यांनी हसत दिलं असतं. पण दिलेलं परत मागायची मला लाज वाटली. चोरायची नाही वाटली. मधल्या सुट्टीत मी गोळ्या काढून घेतल्या आणि पिशवीत तलावाकाठचे गोटे भरले. तेही सरांच्याच काट्यावर मोजून, बरोबर दोनशे सात ग्रॅम. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते. बाबांना सांगितलं, सरांनी परत दिल्या.

आठवड्याभरात तपासणीला साहेब आले. त्यांनी नेमकी तीच पिशवी टेबलावर उलटी केली. गोटे घरंगळत खाली आले.

"क्या मास्टरजी, पोरांना गोटे दाखवून शिसं सांगता?"

सरांनी एक गोटा उचलला. मग सगळे गोळा करून काट्यावर ठेवले आणि काट्याकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "माहीच चूक हाय, साहेब. पिशवी पाहून घेतली नाई मी."

सरांचं विज्ञान काढून घेतलं आणि त्यांना भूगोल दिला. पिशव्या ते घरी घेऊन गेले. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज उद्यावर ढकललं. दहावी पास झाल्यावर मी सरांच्या घरी पेढे घेऊन गेले, तेव्हा पेढा हातात धरून ते म्हणाले, "पोरी, वजन मात्र तू बराबर भरलं होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तोंडाशी आलेली माफी गिळून मी पळ काढला. त्या घराची पायरी पुन्हा चढले नाही.

आता मी गोंदियात विज्ञानच शिकवते. अणुभाराचा धडा आला की मी तो भराभर उरकते.

मागच्या महिन्यात सर गेले. मी तेरवीला गेले तेव्हा बाईंनी पिशव्या माझ्यापुढे ठेवल्या. "भूगोल देला, तरी ओसरीवर पोट्ट्यायले हेच शिकवत. तू विज्ञानाची मास्तरीण, तूच घेऊन जाय." चार भरलेल्या होत्या. पाचवी धुऊन, घडी घालून ठेवलेली.

"हे रिकामी काऊन, बाई?"

"पोट्टे बी हेच इचारत. तं सर म्हणत, 'शिसं तलावात कामाले गेलं हाय. काम झालं का येते वापस.' दुसरं भरू देलं नाई कोणाले."

बाबांचं जाळं कधीच विरून गेलं होतं. त्याच्या गोळ्या आमच्या घरी फळीवर डब्यात इतकी वर्षं पडून होत्या, आणि मी रिकाम्या हाताने आले होते.