काजमावशींचा आजार बहुमताने मंजूर

काजमावशींचं खरं नाव चर्चच्या नोंदवहीत असेल, पण ते कुणी वापरलेलं मला आठवत नाही. शिवणकारखान्यात शर्टांना काजं करण्याचं काम त्या अगदी तरुणपणापासून करत होत्या. लग्न राहून गेलं, काज कधी राहिलं नाही. धोब्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची धाकटी बहीण अशा दोघीच राहायच्या. बहीण दिवसभर बेकरीच्या काउंटरवर. मावशी बोलायच्या कमी. त्यांना दोनच गोष्टींचा राग यायचा : मोठ्याने बोलणं, आणि बाहेरच्या कपड्यांनी कुणी त्यांच्या पलंगावर बसणं.

आमच्या चर्चची वार्षिक सभा दरवर्षी उपासनेनंतर व्हायची. आधी खजिनदार हिशेब सांगायचे आणि मग भेटबाई सेवाकार्याचा अहवाल वाचायच्या. खजिनदारांचं चष्म्याचं दुकान होतं. छपरावरची पाण्याची टाकी झिरपते, त्यामुळे मागच्या बाकांवर पाणी ठिबकतं आणि दुरुस्ती निधीअभावी लांबली आहे, हे वाक्य ते इतक्या वर्षांपासून वाचत होते की मंडळी त्याला ‘आमेन’ म्हणायची. भेटबाईंची अडचण वेगळी होती. त्या आजाऱ्यांना भेटणाऱ्या समितीच्या प्रमुख, आणि आमची मंडळी निर्लज्जपणे ठणठणीत. सलग तीन सभांमध्ये बाईंना उभं राहून सांगावं लागलं की यंदाही कुणी आजारी नव्हतं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू आम्हीच त्यांना दगा दिला.

अशात कारखान्यात स्टूल कलंडलं आणि काजमावशींचा घोटा मोडला.

भेटबाई त्याच संध्याकाळी आल्या. मावशींचं प्लास्टर पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशींना वाटलं, दुःखाचं असेल. दुसऱ्या दिवसापासून महिला मंडळ आलं, तरुण संघ गिटार घेऊन आला, पुरुषांची प्रार्थनासभा आली आणि सगळीच्या सगळी पलंगावर बसली. गायकवृंद खोलीत मावेना म्हणून अर्धा जिन्यात उभा राहून गायला. खाली धोब्याने इस्त्री थांबवली. मावशी झोपल्या असतील तर लोक त्यांच्यासाठी हळू आवाजात स्तोत्र वाचायचे, आणि त्या जाग्या होईपर्यंत आवाज हळूहळू वाढवत न्यायचे.

पाळकसाहेबांनी हे सगळं मंडळीच्या पत्रकात फार सुंदर लिहिलं. ते वाचून दूर देशी शीतगृहाच्या धंद्यात बरे पैसे केलेल्या आमच्या एका जुन्या सभासदाचं मन हेलावलं. त्याने भलीमोठी रक्कम पाठवली आणि अट घातली : ही फक्त आजारी व्यक्तीच्या सोयीसाठी, ती जिथे पडून असेल त्या जागेवरच खर्च व्हावी. खजिनदारांनी ते पत्र चष्मा बदलून पुन्हा एकदा वाचलं.

यथावकाश मावशींचं प्लास्टर निघालं. त्या पिशवी घेऊन भाजीला निघाल्या, तर जिन्यातच भेटबाई समोर.

“अहो मावशी, उठलात कशाला?”

“भाजी आणायला.”

“आम्ही तुम्हालाच भेटायला येत होतो.”

“भेटलात की. आता पिशवी धरा आणि चला.”

बाई बाजारात गेल्या, पिशवी धरली, आणि ती भेट म्हणून टिपून ठेवली. मावशींनी पाळकसाहेबांना गाठून सांगितलं की मी बरी झाले, आता पुरे. पाळकसाहेब स्वभावाने इतके मऊ की त्यांना ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही शब्द जड जायचे. ते म्हणाले, “सभेत बोलूया.”

सभेत खजिनदारांनी रक्कम जाहीर केली तेव्हा मंडळी सरसावून बसली. मग मावशी उभ्या राहिल्या. “मी बरी आहे,” त्या म्हणाल्या. “कामावर जाते. कृपा करून कुणी येऊ नका.”

खजिनदार अवघडून म्हणाले की मंडळीत आजारी कुणीच नसेल, तर देणगी परत करावी लागेल. भेटबाई म्हणाल्या, बरं वाटणं आणि बरं असणं यात फरक आहे. कुणी तरी डॉक्टरांचं मत विचारा म्हणालं. त्यावर दुसऱ्याने आठवण करून दिली की डॉक्टर आपल्या मंडळीचे सभासद नाहीत. शेवटी पाळकसाहेबांनी कपाळ पुसत प्रश्न मताला टाकला. मावशी आजारी आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत.

हात वर झाले. मावशींनी शेजारी पाहिलं, तर धाकटीचाही हात वर.

“तू सुद्धा?”

“ताई,” धाकटी हळूच म्हणाली, “बेकरीतून आल्यावर घरात माणसं असतात गं आताशा.”

विरोधात एकच हात होता. तो खुद्द आजारी व्यक्तीचा असल्यामुळे मोजावा की नाही, यावर बराच वेळ चर्चा झाली.

आता आजार अधिकृत झाला. भेटीला येणाऱ्यांना घराला कुलूप दिसलं की ते कारखान्यावर जायचे. काजाच्या यंत्रांच्या खडखडाटात एकदा तरुण संघाने दोन गाणी म्हटली. मॅनेजर वैतागला. “एवढ्या आजारी बाईला मी कामावर ठेवू कसा?” म्हणून त्याने मावशींना सक्तीच्या रजेवर पाठवलं. घरी बसावं तर पलंगावर पुरुषांची प्रार्थनासभा. मावशींना रडू यायला लागलं, आणि त्या रडतात म्हणून आणखी लोक यायला लागले.

एका दुपारी त्यांनी शाल उचलली आणि आपल्या चर्चचं माणूस ज्या एकाच ठिकाणी आठवड्याच्या मधल्या दिवसांत सापडत नाही, तिथे गेल्या. चर्चमध्ये. मागच्या बाकावर आडव्या झाल्या आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपल्या. छतातून त्यांच्या खांद्यावर पाणी ठिबकत होतं, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

दानपेटी उघडायला आलेल्या खजिनदारांना त्या दिसल्या.

“मावशी, इथे?”

“झोपायला आले. चर्च सगळं माझ्या घरी भरलंय.”

खजिनदारांनी मावशींकडे पाहिलं, मग छताकडे, मग ओल्या शालीकडे. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“रोज येणार का?”

“दुपारी यायचा विचार आहे.”

“म्हणजे आजारी व्यक्ती इथे पडून असते,” खजिनदार एकेक शब्द चाचपत म्हणाले. “मावशी, एक विनंती आहे. काही दिवस उठू नका.”

मावशींनी विचार केला. “कुणी गाणार नसेल, तर नाही उठत.”

पुढच्या आठवड्यात गवंडी आले. टाकी उतरवली, छत उकरलं, नवं केलं. मावशी खाली उशी घेऊन पडलेल्या. देणगीच्या अटीत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. पैसे उरले, तेव्हा खजिनदार अदबीने म्हणाले, “मावशी, जरा वेदीकडे सरकता का? तिथला गिलावा पडतोय.” त्या सरकल्या. मग खिडकीखाली पडल्या, मग बंद पडलेल्या पंख्याखाली. शौचालयाच्या दाराशी पडायला मात्र त्यांनी स्वच्छ नकार दिला आणि ते काम आजही तसंच आहे. पाळकसाहेब येता-जाता “शांती असो” एवढंच कुजबुजायचे. भेटबाई लांब उभ्या राहून डोळ्यांनी भेट घ्यायच्या आणि टिपून ठेवायच्या. घरी येणारे लोक थांबले, तेव्हा धाकटीच बेकरी सुटल्यावर चर्चमध्ये यायला लागली. दोघी बहिणी नव्या छताखाली बसून दिवसभरातल्या गोष्टी बोलायच्या. इतक्या वर्षांत घरी कधी एवढं बोलणं झालं नव्हतं.

देणगी संपली, तशी मावशींनी विशेष सभा मागितली. स्वतः बरं होण्याचा ठराव त्यांनी मांडला आणि धाकटीने अनुमोदन दिलं. चर्चा लांबली. काही सभासदांना त्या वेदीजवळ पडलेल्या असण्याची इतकी सवय झाली होती की उपासनेत पोकळी वाटेल, असं ते म्हणाले. तरीही ठराव जेमतेम दोन मतांनी पास झाला. भेटबाईंनी वही मिटली आणि मंडळीवरून सावकाश नजर फिरवली. प्रत्येक जण ताठ बसला. एका काकांना खोकला येत होता. तो त्यांनी मोठ्या शर्थीने गिळला.

सोमवारी मावशी कारखान्यात हजर झाल्या. मॅनेजरने बरं झाल्याचा पुरावा मागितला. मावशींनी पाळकसाहेबांच्या सहीची ठरावाची प्रत पुढे केली. त्याने ती नीट वाचली.

“दोनच मतांनी?”

“हो.”

मॅनेजरने जरा विचार केला आणि पहिला आठवडाभर त्यांना फक्त लहान मुलांच्या शर्टांचं काम दिलं.