कुंकू लावलेले सहा खोके

योग्य माल, योग्य जागी, योग्य वेळी पोचवणं हा माझा व्यवसाय आहे. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी अकरा वर्षं डिस्पॅच सांभाळला आणि एकही ड्रम चुकीच्या गावाला जाऊ दिला नाही. याच भांडवलावर न्यूझीलंडमधल्या एका गोदामानं मला नोकरी दिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

नोकरी त्यांनी दिली, पण तिथवर पोचायचं आपापल्या खर्चानं होतं. मी, बायको वैशाली, सात वर्षांचा ओम आणि तीन वर्षांची चिऊ अशा चार डोक्यांची तिकिटं काढायची म्हणजे चेष्टा नव्हे. मी आठवडाभर मोबाईल घासून सगळ्यात स्वस्त तिकिटं शोधली. तीन ठिकाणी विमान बदलायचं, एकूण प्रवास तीस तासांचा, तिकीट रद्द केलं तर हाती काही नाही, आणि सामान इतकंच न्यायचं की माणशी एक बॅग भरली की संपलं. त्यात आम्ही उतरणार जूनअखेरीस, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत. (तो देश उलटा आहे. आपण पंख्याखाली बसतो तेव्हा ते शेगडीशी बसतात.) स्वेटर, शाली, कानटोप्या सगळ्या नातेवाइकांकडून गोळा केल्या होत्या. त्या न्यायच्या कशा, हा प्रश्न होता.

तो सुटला पेणला. माझा आतेभाऊ संजूदादा, त्याचा तिथं गणपतीचा कारखाना आहे. दरवर्षी त्याच्या थोड्या मूर्ती बोटीनं परदेशात जातात, आणि त्या वर्षी नेमकी आम्ही चाललो होतो त्याच शहरातल्या मराठी मंडळींची ऑर्डर होती. मी गेलो तेव्हा दादा डोकं धरून बसला होता.

"तिकडं पेंढा चालत नाय रे," तो म्हणाला. "मूर्तीभोवती गवताची काडी दिसली तरी सगळा माल परत धाडतात. आता पॅकिंगला फोम आणू तर खर्च बघ."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "दादा, आमचे कपडे गुंडाळ! तुझं पॅकिंग फुकट, आमचं सामान फुकट."

दादानं मला मिठी मारली. अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याच साहेबानं मला मिठी मारली नव्हती. मी हवेतच रोह्याला आलो आणि घरातली सगळी कपाटं रिकामी करायला बसलो. तिथं पहिली ठिणगी पडली.

"गोधडी द्यायची नाही," वैशाली म्हणाली.

ही गोधडी चिऊची. वैशालीच्या आईनं जुन्या साड्यांची शिवलेली, चांगली जाडजूड. चिऊला तिचा एक कोपरा तोंडात आणि उरलेली डोक्यावरून असल्याशिवाय झोप येत नाही. मग मे महिना असो की वीज गेलेली असो.

"तीन किलो भरते ती," मी म्हणालो. "तीन किलोत आपल्या चौघांचे बूट येतात."

"मग बूट पाठवा."

"अगं, महिनाभर मिळाली नाही की सवय सुटेल. मूल आहे ते, विसरतं. मी सगळा विचार केलाय."

"तुम्ही विचार केलाय म्हणूनच भीती वाटते," असं म्हणून ती आत गेली. मी गोधडी पिशवीत कोंबली.

दुसऱ्या दिवशी पेणला बसून मी स्वतः सहा खोके भरले. एका बाप्पाला ओमचा स्वेटर घातला, बाह्या मागे बांधल्या. दुसऱ्याच्या सोंडेला माझी लोकरी कानटोपी, तिसऱ्याच्या पोटाशी माझी तपकिरी पँट. (हात जोडून माफी मागितली होती.) सगळ्यात मोठ्या मूर्तीला गोधडी. प्रत्येक खोक्यावर छापील इंग्रजी स्टिकर लावला. पण समुद्राच्या हवेत स्टिकर सुटले तर? म्हणून जाणकार माणसासारखी मी दुसरी खूणही केली. कारखान्यातल्या देवापुढची कुंकवाची वाटी घेतली आणि सहाही खोक्यांवर ठसठशीत टिळे ओढले. शुभ कामालाच चाललं होतं सगळं. एक नारळही फोडला. दादा तेव्हा बँकेत गेला होता, म्हणून कौतुक करायला कुणी नव्हतं.

पुढचे तीन दिवस चिऊ झोपली नाही. आम्ही तिला शाल दिली, चादर दिली, वैशालीची ओढणी दिली. प्रत्येक वस्तूचा कोपरा तिनं चाखून पाहिला आणि थुंकून दिला. तिसऱ्या दिवशी कंपनीत मी एका ट्रकवाल्याला चलनाऐवजी ओमचं प्रगतिपुस्तक सही करून दिलं. डोळेच उघडत नव्हते.

त्याच संध्याकाळी आमचे घरमालक भाऊकाका जिना चढून आले. ते हंगामात पुढच्या खोलीत गणपती विकतात. त्यांच्या हातात एक तपकिरी पँट होती.

"ही तुमची का हो?"

"नाही," मी म्हणालो. पँटला मागे ठिगळ होतं, आणि समोर वैशाली उभी होती.

"सहा वर्षं तुमच्या दोरीवर बघतोय मी हे ठिगळ," भाऊकाका म्हणाले. "पेणहून माझा माल आला, त्यातल्या गणपतीनं नेसली होती."

मी फोनकडे धावलो, तोच तो वाजला. संजूदादा होता.

"तू काय करून ठेवलंस रे? गडबचा म्हात्रे विचारतोय, यंदा गणपतीवर कपडे फ्री हायत काय. कासूची हिराबाय म्हणते, स्कीम चांगली हाय, चालू ठेव."

मग उलगडा झाला. पाऊस लागायच्या आत विकायच्या मूर्ती घरी नेऊन ठेवणारी काही जुनी गिऱ्हाइकं दादाकडे आहेत. वडखळपासून रोह्यापर्यंतची ही गावं. हंगामाचा पहिला माल त्यांचा, आणि मान म्हणून आत्या त्या खोक्यांना कुंकू लावते. हे मी लहानपणापासून दर वर्षी बघत आलो होतो. काही खोक्यांनाच कुंकू का आणि बाकीच्यांना का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

टेम्पोवाले नामदेवकाका फोनवर आले. तीस वर्षं तेच माल पोचवतात. "कुंकू लावलेलं खोकं गावचं," ते शांतपणे म्हणाले. "मी तेवढंच बघतो. स्टिकर आमी वाचत नाय."

"परवा माझा माल बंदरावर जायचाय," दादा मागून ओरडत होता. "उद्या सहाच्या सहा मूर्ती परत पाहिजेत!"

फोन ठेवला. वैशाली चिऊला कडेवर घेऊन माझ्याकडे बघत होती. आवाज न चढवता तिनं सांगितलं, "गोधडी हातात आल्याशिवाय मी विमानात बसणार नाही. तीस तास ही अशी रडणार असेल तर तुम्ही एकटेच जा. तुमच्या स्टिकरसकट."

ती उगाच बोलत नाही. आणि तिकिटं रद्द होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेवकाका पेणहून येताना वडखळचे तीन खोके घेऊनच आले. भाऊकाकांनी त्यांचा खोका पँटसकट दिला. ओमला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही तिघं टेम्पोत चढलो. गडबला पोचलो तर म्हात्रे दुकानाच्या ओट्यावर माझी कानटोपी घालून बसले होते. ऊन रणरणत होतं.

"गरम होत नाही का?" मी विचारलं.

"व्हतंय ना. पन देवाच्या अंगावरची हाय, काढू कशी?"

खरी अडचण त्यांच्या बायकोची होती. मूर्ती द्यायला तिची ना नव्हती. पण कपडे म्हणजे प्रसाद, आणि प्रसाद परत घेतात का? तिनं ते धुऊन, घडी करून देवापुढे ठेवले होते. मी माझं म्हणणं मांडलं: चुकीचा डिस्पॅच, मूळ मालक, परतीचा माल. तिनं शांतपणे ऐकलं.

"परत नाय देनार," ती म्हणाली. "प्रसाद म्हनून नेत असशील तर ने."

तेव्हा मी चप्पल काढून, मान झुकवून, उजव्या हाताखाली डावा हात धरून माझीच दोन बनियनं प्रसाद म्हणून स्वीकारली आणि डोळ्यांना लावली. वैशालीनं तोंडात पदर कोंबला होता. चिऊ मात्र सगळं तपासून म्हणाली, "माझी नाय." म्हणजे गोधडी कासूला होती.

हिराबायचं घर स्टेशनपासून आत आहे. नवरा मिठागरावर कामाला, आणि हंगामात ती घरूनच गणपती विकते. आम्ही अंगणात शिरलो तशी आठ-दहा माणसं ओठावर बोट ठेवून आमच्या अंगावर आली. घरात सगळे कुजबुजत होते. पडवीत आढ्याला एक झोळी बांधली होती, आणि ती झोळी म्हणजे आमची गोधडी! आत हिराबायचा दीड महिन्याचा नातू झोपला होता.

"जन्मला तसा झोपला नव्हता गो," हिराबाय वैशालीच्या कानात म्हणाली. "सून माजी रडून रडून आडवी झाली. परवा या गोधडीत घातला आन् गपकन झोपला. तवापासून आमी देवाला हात जोडताव."

वैशालीचा चेहरा पडला. इतक्या दिवसांनी झोप लागलेलं बाळ, त्याच्या खालून गोधडी ओढायची कशी? पण चिऊला असले पेच पडत नाहीत. तिनं झोळीकडे पाहिलं, कोपरा ओळखला आणि अख्ख्या कासूला ऐकू जाईल अशा आवाजात किंकाळी फोडली. "माझीऽऽ!"

बाळ जागं झालं. आता दोघं रडत होती. सून रडायला लागली, तिला पाहून वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुढं झालो. "असं करू, आम्ही तुम्हाला नवीन ब्लँकेट..." एवढंच बोललो. हिराबायनं माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथंच राहिलं.

तिनं बाळ सुनेच्या हातात दिलं, झोळी सोडली, गोधडी ओसरीवर पसरली आणि आतून कात्री आणली.

"दोन वाटं करू," ती म्हणाली. खाडीतली मासळी वाटतात तसं, आधी नजरेनं मधोमध रेघ धरली. चिऊला जवळ बसवलं. "तुजा कोपरा कंचा गो बाय?"

चिऊनं रडणं थांबवून बोटानं दाखवला. हिराबायनं कात्री चालवली, मग मिठाच्या गोण्या शिवायचं दाभण घेतलं आणि निळ्या सुतळीनं दोन्ही वाट्यांच्या कापलेल्या कडा टाचून दिल्या. चिऊनं कोपरा तोंडात घातला आणि सुतळीची शेवटची गाठ पडायच्या आत वैशालीच्या मांडीवर झोपली. उरलेल्या अर्ध्याची झोळी बांधली, तिकडे बाळ झोपलं. वैशालीनं हिराबायला वाकून नमस्कार केला, आणि मीही केला.

मूर्ती वेळेत बंदरावर गेल्या. कपडे पुन्हा दादानं गुंडाळले. मला कारखान्याच्या दारात खुर्ची देऊन बसवलं होतं आणि कुंकवाची वाटी आत्यानं कुलपात ठेवली होती. रोह्याला परतल्यावर वैशालीनं अर्धी गोधडी हातातल्या पिशवीत ठेवून पाहिली. ती सहज बसली, वर पाण्याची बाटलीही बसली.

"हे घरीच कापून नेता आलं असतं," ती म्हणाली. मी बाटली काढून तिचं झाकण घट्ट केलं.

निघायच्या दिवशी विमानतळावर सोडायला नामदेवकाकाच आले. बॅगा उतरवून झाल्यावर त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. चिऊला टिळा लावला, ओमला लावला, आणि मग माझ्याकडे वळून माझ्या कपाळावर चांगला बोटभर ओढला.

"काका, मला कशाला?"

"कुंकवाचा माल गावचा," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा भरला होता. "कुठं पन गेलास तरी कुनीतरी परत आनून टाकील."

मी वैशालीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण महिन्याभरात पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघून हसली.

"अख्खा नका मागवू काका," ती म्हणाली. "दोन वाटे करू. एक तिकडं, एक इकडं."

काकांनी मान डोलावली. डोक्याकडचा वाटा कुणी घ्यायचा, याची मात्र दोघांपैकी कुणीच चौकशी केली नाही.