बाहुलीची तेल लावलेली बाजू

२३ फेब्रुवारी. पहाटे थंडी, दुपारी कोरडं ऊन, वारा नाही.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं शिपाई आहे. इथले किस्से कपाटावरच्या धुळीसारखे साचतात, म्हणून रोज लिहून ठेवतो. या पंधरवड्यातले सगळे एका बाहुलीचे.

सातवीतल्या रुक्मिणीने प्रदर्शनासाठी बाहुलीचा स्टँड केला. हँडल फिरवलं की प्लास्टिकचा पाइप लोकरीवर घासतो, त्यातून तयार झालेली वीज तारेने बाहुलीच्या डोक्यात जाते आणि केस ताठ उभे राहतात. पहिल्यांदा उठले तेव्हा तिची मावशी कौसाबाई दारात होती. शाळेची खिचडी तीच शिजवते.

"अगं बया! सासू दिसली का काय हिला!"

*

लोकर रुक्मिणीच्या वडिलांच्या घोंगडीची. धोंडिबा मेंढरं राखतात. तुकडा देताना म्हणाले, "सर, प्रदर्शन झालं की सोमवारी आमी मेंढरं घेऊन निघून राहिलो. पोरीचा पैला नंबर आला तर ठेवतो तिला कौसापाशी, शाळेत. न्हाई तर येईल माझ्यासंगं. कोकरं कोण सांभाळंल?"

"मी सर नाही, शिपाई आहे."

"चाव्या तुमच्याकडंच हायेत ना? मंग बराबर!"

*

मध्येच दोन दिवस केस उठेनात. तारा बदलल्या, पाइप बदलला. तिसऱ्या दिवशी रुक्मिणी खिडकीकडे बघून ओरडली, "काका, वाफ!"

शेजारच्या शेतात हळद शिजत होती आणि सगळी वाफ आमच्या खोलीत! दमट हवेत अशी वीज टिकत नाही. खिडकी लावली, बाहुली उन्हात ठेवली. केस उठले.

*

प्रदर्शनाच्या सकाळी खोली उघडून पाणी भरायला गेलो. परत येतो तो कौसाबाई बाहुलीला मांडीवर घेऊन बसलेली. उजव्या बाजूला तेल चोपडून वेणी घातलेली, डावीसाठी तळहातावर तेल तयार!

"कौसाबाई, हे काहून?"

"पाव्हणे येणार. लेकराला झिपऱ्या सोडून उभं करता व्हय?"

तेलकट केस उठत नाहीत. धुवून वाळवायला वेळ नव्हता. रुक्मिणी रडली नाही. तिने वेणी सोडली आणि परीक्षकांसमोर हँडल फिरवलं. डावे केस उठले, उजवे बसून राहिले.

"ही बाजू का नाही?"

"तेल लागलंय, सर. तेलानं केस चिकटतात, जड होतात."

दुसरा नंबर आला. त्या दिवशी खिचडीत मीठ नव्हतं. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

*

शनिवारी धोंडिबा पोरीला न्यायला आले. मी घोंगडीचा तुकडा परत द्यायला काढू लागलो, तर त्यांनी हात आडवा घातला. स्वतः हँडल फिरवलं.

"ही बाजू काहून बसली?"

"तेल लागलं, आबा," रुक्मिणी म्हणाली.

त्यांनी पुन्हा फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले. "तेल नसतं तर पैलाच होता," म्हणाले आणि तुकडा तसाच ठेवून निघाले.

आज सोमवार. सकाळी सातला मेंढरं हलली. सातवीच्या हजेरीत रुक्मिणी: हजर.