लोडशेडिंग बंदचा हुकूम

वीज उपकेंद्रातल्या ऑपरेटरला सगळी वस्ती 'अंधारे' म्हणायची. चोवीस वर्षं लोडशेडिंगचा खटका त्याच्याच हातून पडायचा, म्हणून शिव्याही त्यालाच. सरकारं आली नि गेली. ट्रान्सफॉर्मर मात्र त्याच्या लग्नाच्याही आधीचा होता.

नवं सरकार येऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच मंत्र्यांच्या सचिवाचा फोन आला. "आजपासून लोडशेडिंग बंद. एकाही भागाची वीज तोडायची नाही."

"साहेब, ट्रान्सफॉर्मर तापलाय. लोड कमी केला नाही तर जळेल."

"रडगाणं नको. तुम्ही मागच्या सरकारची माणसं!"

अंधारेनं फोन आपटला आणि दोन भागांची वीज तोडली. तासाभरात निलंबनाचं पत्र हातात पडलं; लोडशेडिंग संपलं म्हणून वस्तीनं टाळ्या पिटल्या. त्याच्या जागी आलेल्या नवख्या इंजिनिअरनं निमूटपणे हुकूम पाळला. दुसऱ्या दिवशी भरदुपारी ट्रान्सफॉर्मर पेटला आणि अर्धं शहर अकरा दिवस विजेवाचून राहिलं.

लोक अंधारेच्याच दारात जमले. "जाता जाता तूच काहीतरी करून ठेवलंस!" शेजारी ओरडला.

"टाळ्या पिटताना मला विचारलंत?" अंधारे कडाडला. "माणसं बदलली की जुनं यंत्र नवं होतं काय? चालते व्हा!"

बाराव्या दिवशी दुसरीकडून काढून आणलेला ट्रान्सफॉर्मर बसला. तो सांभाळायला, निलंबन रद्द झाल्याचा निरोप घेऊन इंजिनिअर बोलवायला आला, तेव्हा अंधारे जेवत होता.

"गरज पडली तर वीज तोडायची, असं सचिवांच्या सहीनिशी लिहून आणा," तो ताटावरून न उठता म्हणाला. "तोवर माझा पाय तिकडे वळणार नाही."

सहीचा कागद संध्याकाळी आला. मगच त्यानं चपला घातल्या.