साडूची नवी जीप

आलापल्लीहून एटापल्लीला जाणारी पहिली जीप सकाळी सातला सुटायची आणि ती श्रावण दुर्गेची असायची. बारा-तेरा वर्षं असंच चाललं होतं. एस.टी. दिवसातून दोनदा यायची, तीही नाल्याला पूर आला की बंद. मग मास्तर, नर्सबाई, मोहफुलांच्या टोपल्या घेतलेल्या बाया, कोंबड्या बांधून आणणारे माडिया गडी, सगळे श्रावणचीच वाट पाहत.

श्रावणचा बाप जंगलात बांबू तोडायचा. श्रावण लाकडाच्या ठेकेदाराकडे गाडी धुता धुता चालवायला शिकला आणि एका सरकारी लिलावात निघालेली जुनी पेट्रोल जीप त्यानं घेतली. दुर्ग्यांच्या घरात चाकाची वस्तू म्हणून त्याआधी सायकलसुद्धा आली नव्हती. वडशाजवळच्या सासुरवाडीला तो जीपनं जाई, तेव्हा पोरं वेशीपासून मागे धावत. सासरा खाटेवर सतरंजी टाकी आणि म्हणे, "जीपवाले जवाई आले." धाकटा जावई गुलाब तेव्हा एका राइस मिलचा ट्रक चालवायचा. तो खाली चटईवर बसायचा.

श्रावणला गुलाब आवडायचा. खाटेवर बसलेल्याला चटईवरचा माणूस आवडायला काय लागतं? एकदा त्यानंच त्याला मोठ्या मनानं सांगितलं होतं, "दुसऱ्याचा ट्रक किती दिवस चालवशील? आमच्या तिकडं ये. जंगलात लय धंदा आहे."

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर गुलाब खरंच आलापल्लीला राहायला आला. बँकेच्या कर्जातून घेतलेली नवी कोरी डिझेल जीप, पांढरीशुभ्र. सीटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा त्यानं काढला नव्हता. मागच्या फळीवर निळ्या रंगात लिहिलं होतं, 'बायनाची गाडी'. बायना म्हणजे त्याची बायको, श्रावणच्या रुखमाची धाकटी बहीण.

रुखमानं ती अक्षरं दोनदा वाचली. मग ती घरात वळली. पण ती दोनदा वाचत होती, हे श्रावणनं पाहिलं.

त्या दिवसापासून त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. नाक्यावर उभा असला तरी कान गुलाबच्या हॉर्नकडे. समोरून ती जीप आली की आत किती डोकी आहेत ते तो एका नजरेत पाहून घेई. आपल्यापेक्षा जास्त असली की दिवसभर जेवण गोड लागत नसे. रस्त्यावर वाकलेल्या बांबूच्या फांद्या त्याच्या जीपला खरखरत घासून जात, तेव्हा त्याच्या मनात येई, त्या पांढऱ्या रंगावर यातली एक तरी का घासत नाही?

त्यात त्याची जीप थकली होती. चढावर निळा धूर सोडी. दुसऱ्या गिअरमधून आपोआप बाहेर पडे. नाक्यावरच्या देवाजी मिस्त्रीनं बॉनेट उघडून बराच वेळ कान लावला.

"श्रावणभाऊ, इंजन बोर करा लागते. पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट, सगळं. थोडं थोडं करून आता भागत नाई. करतो तं पूर्ण कर, नाई तं इकून टाक."

"इकूनच टाकतो," श्रावण म्हणाला. "नवीच घेतो. डिझेल."

घरी रुखमा तांदूळ निवडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "तुमाले नवी जीप पाह्यजे, का गुलाबभाऊची जीप पाह्यजे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो आला नसता तं तुमी हेच गाडी दुरुस्त केली असती."

श्रावण चिडून बाहेर गेला.

एप्रिल लागला. दरवर्षी तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी ठेकेदाराचा मुनशी मुखरू श्रावणच्या दारात येई. गावोगावच्या फळ्यांवर, म्हणजे जिथे लोक पानांचे पुडे आणून देत तिथे, महिनाभर फिरायला त्याला जीप लागे. त्या वर्षी श्रावणनं मुखरूला पाहिलं ते गुलाबच्या जीपला टेकून चहा पिताना. मुखरूनं हात हलवला, जसं काही घडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगली नावाची एक म्हातारी टोपली घेऊन नाक्यावर आली. अजून चार-सहा जण होते. तिनं विचारलं, "ते पांढरी गाडी येते का?"

"ते गेली," श्रावण म्हणाला. "आता दुपारीच."

गुलाबची जीप अजून त्याच्या दारातच उभी होती. आयुष्यात श्रावणनं सवारीशी खोटं बोलल्याची ती पहिली वेळ. सगळे मुकाट्यानं त्याच्या गाडीत चढले.

दहा-बारा किलोमीटरवर चढ लागला. जीपनं एक मोठा हुंदका दिला आणि ती थांबली. श्रावणनं हँडल मारलं, कार्बोरेटर फुंकला, पुन्हा हँडल मारलं. हाताला फोड आला. सागाची पानं गळून गेली होती, सावली कुठेच नव्हती. अर्ध्या तासानं मागून हॉर्न ऐकू आला.

गुलाब उतरला. मंगलीनं त्याच्या गाडीकडे पाहिलं, मग श्रावणकडे.

"तू तं म्हणाला गेली," ती म्हणाली. एवढंच. आणि टोपली उचलून तिकडे जाऊन बसली.

गुलाबनं ऐकलं असावं, पण तो नुसता टोपल्या चढवू लागला. सवाऱ्या पोचवून तो परत आला, सोबत जाड दोर घेऊन. "भाऊ, तुमी फक्त स्टेरिंग धरा."

आलापल्लीपर्यंत श्रावण त्या दोराच्या टोकाला बसून आला. डोळ्यांसमोर सगळा वेळ 'बायनाची गाडी'. भर बाजारातून, देवाजीच्या दुकानासमोरून, चहावाल्यासमोरून. लोक उठून पाहत होते. कोणी हसलं नाही, पण हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं. निदान कोणाशी तरी भांडता आलं असतं.

त्याच दुपारी त्यानं चंद्रपूरच्या एका दलालाला निरोप धाडला. गाडी घेऊन जा म्हणून.

दलाल यायच्या आदल्या दिवशी देवाजीनं त्याला बोलावलं. हात पुसत तो जरा अवघडून म्हणाला, "मी सांगनार नव्हतो. पन गुलाब दोनदा येऊन गेला. म्हणते, श्रावणभाऊची गाडी इकाले निंघाली तं दलालाच्या आधी मले सांग. मले घ्याची आहे."

श्रावण तडक गुलाबच्या घरी गेला. गुलाब अंगणात जीप धूत होता.

"काऊन रे? माही भंगार गाडी तुले काऊन पाह्यजे?"

गुलाबनं बादली खाली ठेवली. पहिल्यांदा तो, आपण असं बोललोच नाही म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला.

"भाऊ, माह्या लग्नाची वरात तुमच्याच जीपमंदी निंघाली होती. आठवते? सारं गाव रस्त्यावर. मी नवरदेव, हार घालून मागं बसलो, अन् लोक म्हणत होते, हे पाहा, श्रावणरावची जीप आली. माह्या वरातीत लोक तुमाले पाहत होते." तो थांबला. "तवाच मी ठरवलं, हे गाडी एक दिवस माही करीन. तुमी इकत नव्हते, म्हणून नवी घेतली."

"अन् घेऊन करशील काय? ते चालते कुठी?"

"काई नाई. अंगनात उभी ठेवीन."

श्रावण पुढे कधी कधी हे सांगत असे, तेव्हा लपवत नसे. त्याला त्या क्षणी गुलाबची दया आली नाही. छातीत थंड पाणी ओतल्यासारखं सुख झालं. इतकी वर्षं हा चटईवर बसून जळत होता! पण ते सुख घरापर्यंतसुद्धा टिकलं नाही. रस्त्यात त्याला ते अंगण दिसू लागलं. चाकं बसलेली, गवत वाढलेली आपली जीप, टपावर वाळत घातलेली गुलाबच्या घरची लुगडी, आणि दारातून येणारे-जाणारे म्हणणारे, हे पूर्वी श्रावणची होती.

तो घरी गेलाच नाही. वळून देवाजीकडे आला.

"खोल," तो म्हणाला.

"काय?"

"इंजन खोल. पूर्ण."

दलालाला परत पाठवलं. रुखमाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "दुरुस्तीच करून राह्यले, पन तेही गुलाबभाऊच्याच पायी." यावेळी श्रावण चिडला नाही. खरंच होतं.

पावसाळ्यात एटापल्लीचा रस्ता तसाही पुरामुळे अधूनमधून बंद असतो. ते चार महिने श्रावण देवाजीच्या दुकानात मांडी घालून बसला, नट रॉकेलमध्ये धुतले, पुसले, ओळीनं मांडले. इंजिनाचा ब्लॉक चंद्रपूरला लेथवर न्यायचा होता. गुलाब म्हणाला, "माह्या जीपमंदी टाका." श्रावणनं ते धूड एस.टी.त चढवलं. कंडक्टर भांडला, सवाऱ्यांच्या पायाला तेल लागलं, दोघा हमालांच्या पाठीत उसण भरली. पण ब्लॉक पांढऱ्या जीपमधून गेला नाही.

दसऱ्यानंतर, धम्मदीक्षेच्या दिवसाची मिरवणूक झाली त्या आठवड्यात, जीप पहिल्या हँडलला सुरू झाली. धूर नाही. श्रावणनं रुखमाला शेजारी बसवून एटापल्लीपर्यंत नेलं. लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत ती त्या रस्त्यानं पहिल्यांदाच गेली, आणि सगळा वेळ बाहेर पाहत होती. पुढे कधी मंगलीच्या गावावरून जाताना तो थांबला होता का, तिला काही बोलला का, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. मंगली मात्र पुन्हा त्याच्या गाडीत दिसू लागली.

पुढच्या एप्रिलमध्ये मुखरू मुनशी दोघांकडेही आला. आतल्या जंगलातल्या फळ्या, जिथे रस्ता म्हणजे दगड आणि मुळं, तिथे गुलाब आपली गाडी घालायला तयार नव्हता. त्या श्रावणला मिळाल्या. डांबरी रस्त्याजवळच्या गुलाबला. श्रावणला वाटलं, सोपं काम त्यानं नेलं. गुलाबला वाटलं, जास्त दिवसांचं काम भाऊनं नेलं. संध्याकाळी दोघं एकाच बाकावर चहा प्यायचे.

"आज किती फेऱ्या झाल्या, भाऊ?"

"दोन. तुह्या?"

"माह्याही दोनच."

आणि दोघंही एक फेरी कमी करून सांगत, समोरच्याला जेवण गोड लागावं म्हणून.